फुकट खेळाची किंमत



तुमच्यापैकी किती जण मोबाइलवर खेळ खेळतात, असे मी वर्गात विचारले तर एकही हात वर येणार नाही. शिक्षकांनी असे विचारले म्हणजे पुढे उपदेश येणार, हे तुम्ही चांगले ओळखता. म्हणून मीच आधी हात वर करतो. मी खेळतो. लहानपणी टीव्हीला जोडायच्या यंत्रावर कॅसेट घालून खेळत होतो, आता संगणकावर आणि मोबाइलवर खेळतो. अभ्यास, नमाज आणि घरची कामे सांभाळून खेळावे, एवढेच माझे म्हणणे आहे. 'खेळू नका' असे सांगण्यासाठी हा पाठ लिहिलेला नाही.

मला तुमच्याशी तीन गोष्टींबद्दल बोलायचे आहे. खेळातील संगीत, खेळात केलेले फेरबदल आणि खेळाची किंमत. या तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. पण विचार करता करता मी प्रत्येक वेळी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो. ज्याने मेहनत केली, त्याला काय मिळाले? 'मेहनत', 'किंमत', 'हक्क', 'हिशोब' हे शब्द मराठीत आहेत तसे तुमच्या उर्दूतही आहेत. म्हणून ही गोष्ट तुम्हाला लवकर समजेल, असे मला वाटते.

प्रथम संगीताबद्दल बोलू.

तुम्ही बहुतेक जण आवाज बंद करून खेळता. घरात कोणाला कळू नये, हे त्याचे कारण. पण आवाज बंद केला की खेळाचा अर्धा जीव जातो. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ निघाला. आकाशातून शत्रू ओळीने खाली उतरतात आणि आपण त्यांना पाडायचे, एवढाच तो खेळ. त्याचे संगीत म्हणजे फक्त चार जाड स्वर, पुन्हा पुन्हा वाजणारे. पण शत्रू कमी होऊ लागले की उरलेले वेगाने धावतात आणि ते चार स्वरही भरभर वाजू लागतात. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढते. चार स्वरांनी माणसाला घाम फोडता येतो, हे त्या खेळाने दाखवून दिले.

पुढे १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. त्याचे संगीत कोजी कोंडो या जपानी संगीतकाराने रचले. त्या यंत्रात एका वेळी मोजकेच आवाज निघत. संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला होता. तुम्ही मोबाइलवर काढता तो एक फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा जागेत कोंडो यांनी अशी चाल बसवली, की ती आज जगभर लोक गुणगुणतात. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही चाल जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. त्या यादीत आलेले हे खेळाचे पहिलेच संगीत होय.

आता तुम्ही म्हणाल, जपान कुठे आणि आपले डहाणू-तलासरी कुठे! पण खेळ आणि संगीत एकमेकांना कसे बांधलेले असतात, हे आपल्याकडच्या पाड्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तुम्ही तारपा पाहिला असेल. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब भोंगा, असे हे वाद्य. वादक श्वास न तोडता ते वाजवतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. तारपाकडे ते पाठ करत नाहीत. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. तो वळला की सगळा फेर वळतो. खेळातही असेच असते. संगीत आणि खेळणारा एकमेकांकडे लक्ष ठेवून असतात. फरक इतकाच, की तारपाच्या नाचात पाय वादकाच्या मागे जातात आणि 'स्पेस इन्व्हेडर्स'सारख्या खेळात संगीत खेळणाऱ्याच्या मागे येते.

माझे मत असे आहे, की आपल्याकडच्या मुलांनी उद्या खेळ बनवले तर त्यांत इकडचे आवाज यावेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ बनवला. तो २०२० साली बाहेर पडला. आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे आणि तिच्या संगीतात भारतीय वाद्ये ऐकू येतात. २०११ साली 'बाबा येतू' या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. खेळासाठी रचलेल्या संगीताला तो मान प्रथमच मिळत होता, आणि ते गाणे इंग्रजीत नव्हते, आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत होते. मग एखाद्या खेळात तारपा का वाजू नये? जरूर वाजावा. पण माझी एक अट आहे. वाजवणाऱ्याला विचारून वाजावा, त्याचे नाव यावे आणि त्याच्या हातावर पैसे पडावेत. पाड्यावर जाऊन मोबाइलवर आवाज भरून आणला आणि खेळात टाकला, हे मला मान्य नाही.

आता दुसरी गोष्ट, फेरबदल. तुमच्या भाषेत 'मॉड'.

हा शब्द तुम्ही रोज वापरता, पण तुम्ही त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कालवता. त्या आधी निवडून घेऊ.

तलासरीकडच्या एका मुलाने मला त्याच्या मोबाइलवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा खेळ दाखवला. इंडोनेशियातील मालेओ या कंपनीचा हा खेळ २०१७ साली आला. रस्ते तिकडचे, गावे तिकडची. पण बनवणाऱ्यांनी एक दार उघडे ठेवले आहे. खेळणाऱ्याला आपल्या आवडीचे रंगरूप, आपल्या आवडीची गाडी त्यात घालता येते. आपल्याकडच्या हौशी मुलांनी त्यात एसटीची लाल परी आणली. या मुलाने तर पुढच्या पाटीवर 'डहाणू – तलासरी' असे मराठीत लिहिले होते. इंडोनेशियाच्या घाटातून आपली लाल परी जाताना पाहून मला हसूही आले आणि अभिमानही वाटला. त्या मुलाने यासाठी चित्र कसे कापायचे, रंग कसे भरायचे, अक्षरे कशी बसवायची, हे सगळे स्वतः शिकून घेतले होते. मूळ खेळ कोणाचा आहे, हे त्याने लपवले नव्हते. याला मी फेरबदल म्हणतो आणि याला माझी शाबासकी आहे.

अशा फेरबदलातून मोठी कामेही उभी राहिली आहेत. १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळात फेरबदल करून 'काउंटर-स्ट्राइक' तयार केला. मूळ खेळ बनवणाऱ्या 'व्हॉल्व्ह' कंपनीने त्यांना हाकलून दिले नाही. २००० साली कंपनीने तो खेळ आपल्याकडे घेतला आणि त्या दोघांना कामही दिले.

आणखी जवळचे उदाहरण पाहा. वारली चित्रे पूर्वी लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी काढत असत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि लग्नाचा चौक, अशी रीत होती. तलासरी तालुक्यातील धामणगावला जन्मलेले आणि डहाणूच्या गंजाडला राहिलेले जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर काढली. लग्न नसतानाही काढली. मासे धरणारे, शेत नांगरणारे, तारपाभोवती नाचणारे असे सगळे जीवन त्यांनी त्यात आणले. वर्तुळ, त्रिकोण, रेषा हे मूळ मात्र तेच ठेवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. मूळ ओळखून, त्याला मान देऊन त्यात आपली भर घालणे म्हणजे काय, हे या दोन तालुक्यांना वेगळे शिकवायला नको.

पण तुमच्यापैकी बरेच जण 'मॉड' म्हणतात ते वेगळेच असते. 'सर, मॉड टाकला की हिरे फुकट मिळतात.' म्हणजे कोणीतरी खेळाचे कुलूप तोडलेले असते आणि ती तोडलेली प्रत तुम्ही कुठून तरी उतरवून घेता. यात तुम्ही काही शिकत नाही, काही घडवत नाही. याला फेरबदल हे चांगले नाव देऊ नका.

गेल्या वर्षी आठवीतील एका मुलाने असेच केले. मोबाइल त्याच्या अम्मीचा होता. त्याने कुलूप तोडलेली प्रत टाकली. दोन दिवस हिरे मिळाले. तिसऱ्या दिवशी खेळातील त्याचे खाते बंद झाले. मग मोबाइलवर रात्रंदिवस जाहिराती येऊ लागल्या, बॅटरी तापू लागली. दुरुस्तीच्या दुकानात सगळे पुसून टाकावे लागले. त्यात त्याच्या आजोबांचे शेवटचे फोटो होते. ते गेले. त्या मुलाने वर्गात मान वर केली नाही, इतके त्याला ते लागले.

त्याचे अब्बा मला भेटायला आले. ते डायचे कारागीर आहेत. डहाणू, चिंचणी, वाणगाव या भागात दागिन्यांच्या डाय बनवण्याचे काम पुष्कळ चालते, हे तुम्ही जाणता. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरीही ते असेल. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरायची. मग त्यावर धातूचा पत्रा दाबला की दागिन्यावर नक्षी उठते.

ते म्हणाले, "सर, मी मुलाला मारले नाही. पण तो म्हणाला, 'अब्बा, मोबाइलमधल्या वस्तूची चोरी कसली? कोणाचे काय कमी झाले?' तेव्हा मी त्याच्या हातात माझी डाय ठेवली. म्हटले, हिला मला तीन दिवस लागले. उद्या कोणी हिचा छाप उचलून दुसरी डाय काढली, तर माझी डाय माझ्याजवळच राहील. माझे काहीच कमी झालेले दिसणार नाही. पण तो ती निम्म्या भावाने विकेल आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. मग माझे तीन दिवस गेले कुठे?"

मी बीएड करताना पुष्कळ पुस्तके वाचली, पण खेळाच्या किंमतीचा हिशोब इतका सोपा करून मला कोणी सांगितला नव्हता. तिसरी गोष्ट, म्हणजे किंमत, मी त्या डायवरूनच तुम्हाला सांगतो.

खेळ हा डायसारखा असतो. पहिली प्रत तयार करायला माणसे कित्येक वर्षे राबतात. कोणी चित्रे काढतो, कोणी आज्ञावली लिहितो, कोणी चाली रचतो. त्यानंतरच्या प्रती काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून नक्कल करणाऱ्याला वाटते, की ही वस्तू फुकटची आहे. पण सगळा खर्च पहिल्या प्रतीत आधीच होऊन गेलेला असतो. तो भरून निघाला नाही, तर ती माणसे दुसरा खेळ बनवत नाहीत.

येथे मला माझा स्वतःचा गुन्हाही कबूल केला पाहिजे. लहानपणी मी ज्या कॅसेटवर खेळलो, तिच्यावर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. आत वीस-पंचवीस खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा येत. मारिओही त्यातच होता. ती कॅसेट नकली होती. कोंडो यांच्या चालीने माझे बालपण गोड केले, पण मी दिलेल्या पैशांतला एक पैसाही त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा मला ते माहीत नव्हते. आज माहीत आहे. म्हणून हा विषय मी तुमच्यासमोर मांडतो आहे.

तलासरीजवळच्या झरी गावात १९४५ साली वारली शेतकऱ्यांची सभा झाली आणि यापुढे वेठबिगार करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. कामाचा दाम मागणे म्हणजे काय, ते या मातीने पाहिले आहे. त्या माणसांच्या हालांची आणि मोबाइलच्या खेळाची बरोबरी होणार नाही. पण कोणाचीही मेहनत फुकट घेऊ नये, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

तुम्ही विचाराल, "सर, पण कंपन्या स्वतःच खेळ फुकट देतात, त्याचे काय?" हा प्रश्न बरोबर आहे आणि माझा खरा राग येथेच आहे. असे पुष्कळ खेळ दारात फुकट असतात आणि आत गेल्यावर खिसा कापतात. महालक्ष्मीच्या जत्रेत तुम्ही पाळण्यात बसायला पैसे देता. समजा, पाळणेवाल्याने सांगितले की पैसे चालणार नाहीत, माझी कुपने घ्या. कुपने पन्नासाच्याच गठ्ठ्यात मिळतील आणि एका फेरीला चाळीस लागतील. मग हातात दहा उरतील. ती वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही आणखी पन्नास घ्याल. खेळातील 'हिरे' आणि 'नाणी' यांचा हिशोब बहुधा असाच बांधलेला असतो. रुपयाचे हिरे झाले की आपण किती रुपये घालवले, ते मनाला लागत नाही. अब्बांनी उन्हात मिळवलेला रुपया पडद्यावर चमकणारा खडा होतो.

त्याहून वाईट म्हणजे नशिबाच्या पेट्या. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते ठाऊक नाही. बेल्जियम देशाने २०१८ साली पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. कायदा कोठे पोहोचतो आणि कोठे नाही, हे मोठी माणसे बघतील. पण जुगाराबद्दल आपल्या घरात काय शिकवले जाते, हे तुम्हाला सांगायला नको. पेटी उघडण्यापूर्वी तेवढे आठवा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. खेळाची किंमत दारावर लिहावी, एकदाच घ्यावी आणि ती येथील माणसाला परवडेल अशी असावी. अमेरिकेत सत्तर डॉलरला विकला जाणारा खेळ डहाणूच्या मुलाने त्याच भावाने घ्यावा, ही अपेक्षा न्यायाची नाही. संगणकाचे खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या मोठ्या दुकानाने २०१५ साली भारतासाठी रुपयांत किंमती लावल्या, तेव्हा पुष्कळ खेळ आपल्याला स्वस्त झाले. किंमत परवडली तर लोक चोरी सोडून विकत घेतात, हे मी माझ्या मित्रांमध्ये पाहिले आहे. चोरी थांबवायची असेल तर विकणाऱ्यानेही आपल्या बाजूने दोन पावले पुढे यायला हवे.

"पण सर, आमच्याजवळ तेवढेही पैसे नाहीत." हेही खरे आहे. मी तुमची घरे पाहिली आहेत. त्यावर माझे उत्तर असे. जे बनवणाऱ्याने आपल्या खुशीने फुकट दिले आहे, ते निःसंकोच घ्या. १९९३ साली 'डूम' या खेळाचा पहिला भाग फुकट वाटला होता. आवडला तर पुढचे विकत घ्या, असा तो सरळ व्यवहार होता. आजही 'सुपरटक्सकार्ट' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ पूर्ण फुकट मिळतो. त्यात हिरे नाहीत, पेट्या नाहीत. त्याची आज्ञावलीसुद्धा सर्वांसाठी खुली आहे. ती वाचा, बदला, आपला रस्ता त्यात घाला. डहाणूच्या समुद्रकिनाऱ्याचा आणि सुरूच्या झाडांचा रस्ता त्यात कोणी बनवला, तर सर्वांत आधी मी त्यावर गाडी चालवीन.

शेवटी एक छोटे काम सांगतो. आज घरी जाऊन आपल्या आवडत्या खेळाचा आवाज सुरू करा आणि पाच मिनिटे नुसते ऐका. मग खेळाच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावे येतात ती शोधून काढा. संगीत कोणी दिले, चित्रे कोणी काढली, ते वहीत लिहा. ज्या खेळात एकही नाव सापडणार नाही, त्याच्याबद्दल थोडा विचार करा.

तो आठवीचा मुलगा आता नववीत आहे. सुटीच्या दिवशी तो अब्बांजवळ बसून डायवर नक्षी कशी उतरते ते बघतो. मागच्या आठवड्यात त्याने मला विचारले, "सर, खेळ बनवायला काय शिकावे लागते?" मी त्याला म्हटले, "गणित, चित्रकला आणि थोडे संगीत." तो हसून म्हणाला, "आणि सबर?"

"होय," मी म्हटले, "सबर तर तुझ्या अब्बांकडूनच शीक."